भेदरं, पताल, टमाटर : द्विभाषिक शिक्षणाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या शिक्षकांसाठी प्रस्तावना

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर सिलतरा येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्पंज आयर्नचे आणि रोलिंग मिलचे कारखाने, त्यांच्या फाटकांसमोर ट्रकांच्या रांगा, आणि कारखान्याची भिंत संपते न संपते तोच धानाची खाचरं. इथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत, पहिलीच्या वर्गात, मी मागच्या भिंतीला टेकून बसले होते. जुलै महिना होता. खिडकीच्या गजांवर काळी पूड साचलेली. बोट फिरवलं तर काजळ लागावं तशी. बाईंनी अक्षरांचा तक्ता खिळ्याला अडकवला. चौकोनात अक्षर, शेजारी चित्र, असा सगळ्या शाळांत असतो तोच. पट्टीचं टोक ‘ट’वर ठेवून बाई म्हणाल्या, “ट से?” पुढच्या रांगेतली एक मुलगी ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “ट से पताल!”

छत्तीसगढीत टोमॅटोला पताल म्हणतात. मुलीनं चित्र बरोबर ओळखलं होतं. तिच्या मागे बसलेला, ओडिशातल्या बलांगीरकडून आलेला मुलगा हळूच म्हणाला, “पतलघंटा.” आणि गोंदियाकडच्या एका मिस्त्रीचा पोरगा माझ्याकडे बघून, मला मराठी येतं हे ठाऊक असल्यामुळे, खुसफुसला, “भेदरं.” बाईंनी मान हलवली. “नहीं. टमाटर. सब बोलो, टमाटर.” सगळे बोलले. मुलगी खाली बसली. बसताना तिनं तक्त्याकडे जे पाहिलं, ते चित्राकडे नव्हतं. ती अक्षराकडे पाहत होती, जणू फसवलं त्यानं.

हा प्रसंग पहिल्या पानावर ठेवण्याचं कारण आहे. त्या तक्त्याची सगळी युक्ती एका गोष्टीवर उभी असते: चित्राचं नाव मुलाला आधीच येत असतं, त्या नावातला पहिला आवाज त्याच्या कानाच्या ओळखीचा असतो, तो आवाज आता या अनोळखी आकाराला जोडायचा. पताल म्हणणाऱ्या मुलीपाशी ही युक्ती उलटते. तिच्या तोंडात पहिला आवाज ‘प’ आहे. चित्र सांगतं, या आकाराला ‘प’ म्हण. बाई सांगतात, ‘ट’ म्हण. हुशार मूल अशा वेळी तर्क सोडून देतं आणि पाठ करायला लागतं. पुढे तिसरीत तेच मूल धडा घडाघडा वाचतं, अर्थ विचारला की गप्प होतं, आणि त्याच्या नावापुढे ‘कच्चं’ असा शेरा पडतो. कच्चेपणा कुठे सुरू झाला हे शोधायला कुणी त्या जुलैपर्यंत मागे जात नाही.

द्विभाषिक शिक्षण ही ज्ञानशाखा त्या जुलैपर्यंत मागे जाते. तुम्ही रोज वर्गात उभे राहता आणि आता या विषयात पदव्युत्तर अभ्यास करायचं मनात आहे, म्हणून हे पान उघडलंत. तुमचं स्वागत. मात्र आधी एक गैरसमज दूर करू. महाराष्ट्रात ‘द्विभाषिक’ म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढे सेमी-इंग्रजी येतं: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. तो या विषयाचा एक कोपरा झाला, विषय नव्हे. मूल शाळेच्या दारात येतं तेव्हा त्याच्यापाशी एक अख्खी भाषा असते. तिचं व्याकरण त्याला येतं, तिच्यात ते भांडतं, खोटं बोलतं, विनोद करतं. शाळेची भाषा दुसरी असते. या दोहोंमध्ये काय काय घडतं आणि शिक्षकाच्या हातात त्यातलं किती असतं, हा आपला विषय.

मराठी वाचकासाठी लिहिताना सिलतरा कशाला, असं कुणी विचारेल. सरळ उत्तर असं की मी रायपूरची. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी, असं वाढलेली. आमची मराठी नागपुरी वळणाची, त्यामुळे पुण्याच्या मामेबहिणी “काय करून राहिली” या शब्दांवर पोट धरून हसत आणि मी आठवडाभर बोलणं बंद करी. आईचं तर लग्नानंतरचं पहिलं वर्ष गमतीचं गेलं. कामाला येणारी बाई एकदा पायरीवर बसून म्हणाली, “गोड़ पिरावत हे.” आईनं आत जाऊन गुळाचा खडा आणून तिच्या हातावर ठेवला. छत्तीसगढीत गोड़ म्हणजे पाय. बाईचा पाय दुखत होता. तिनं गूळ खाल्ला म्हणे, आणि मग पाय दाखवला.

दुसरं उत्तर जरा जुनं आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर होता, तो 1854 साली नागपूरचं राज्य खालसा झालं तेव्हा संपला. पण त्यानंतरही रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात राहिले, ते थेट 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूर मध्य प्रदेशात राहिलं, आणि भाषावार सीमेच्या अलीकडे-पलीकडे माणसं उरली. ज्या सातव्या घटनादुरुस्तीनं हे घडवलं तिनंच घटनेत 350 अ हे कलम घातलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं करावा. रेघ ओढणाऱ्यांनाच कळलं होतं की रेघेवर मुलं असणार आहेत. आमच्या विषयाच्या अभ्यासक्रमात हे कलम कायद्याच्या घटकात शिकवतात. मी ते भूगोलाच्या तासाला शिकवलं असतं.

आणि तिसरं उत्तर तुमच्याच वर्गात बसलेलं आहे. छत्तीसगढातून नागपूरला बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं मराठी शाळांच्या पटावर असतात. गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, मेळघाटात कोरकू, नंदुरबारात भिलीची नाना रूपं, पालघरात वारली. सिलतऱ्यात शिक्षक हिंदी आणि मूल छत्तीसगढी. तिकडे शिक्षक मराठी आणि मूल कोरकू. आपल्या वर्गातलं आपल्याला दिसत नाही, कारण आपण फळ्याकडे पाठ करून उभे असतो. दुसऱ्याच्या वर्गात मागे बसलं की दिसतं.

या विषयाचा इतिहास सांगताना बहुतेक पुस्तकं कॅनडापासून सुरुवात करतात. मी धमतरीपासून करते. रायपूरच्या दक्षिणेला धमतरी आहे. तिथल्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेचे मुख्याध्यापक हिरालाल काव्योपाध्याय यांनी 1885 साली छत्तीसगढीचं व्याकरण लिहिलं. 1890 साली भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सन यांनी त्याचं इंग्रजी रूप बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणलं, आणि अभ्यासकांना छत्तीसगढी नावाची नियमबद्ध भाषा आहे हे ठाऊक झालं. ग्रिअर्सन यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण मूळ काम एका नोकरी करणाऱ्या मास्तरांचं. दिवसा इंग्रजी आणि हिंदी शिकवायची आणि विद्यार्थी घरी जे बोलतात त्याचे नियम मांडायचे, असं हे काम. सेवेत असलेल्या शिक्षकानं संशोधन करावं की नाही, अशी चर्चा आपल्याकडे अजून चालते. धमतरीत तिचा निकाल 1885 साली लागला आहे.

त्याच मुलखातला दुसरा माणूस माधवराव सप्रे. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदी. पेंड्रा इथे राजकुमाराचे शिक्षक म्हणून नोकरी करताना 1900 साली त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. हिंदीतल्या सुरुवातीच्या लघुकथांमध्ये गणली जाणारी त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ त्यातच 1901 मध्ये आली. टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेलं. आणि ग्रिअर्सन यांनी पुढे भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड काढला, 1905 साली, तेव्हा बस्तरची हलबी त्या मराठीच्या खंडात घातली. हलबी ऐकताना मराठी माणसाचा कान टवकारतो खरा: ‘बस्तरचा’ हे तिथे ‘बस्तर चो’ होतं. ती मराठी की छत्तीसगढी की उडिया, यावर विद्वान भांडोत. 2011 च्या जनगणनेत साडेसात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली, एवढं शिक्षकाला पुरे. त्याच जनगणनेत छत्तीसगढी सांगणारे 1 कोटी 62 लाख होते, आणि ते सगळे हिंदीच्या आकड्यात मिळवले गेले. 2007 साली छत्तीसगढीला राज्यात राजभाषेचा दर्जा मिळाला, आठव्या अनुसूचीत मात्र ती नाही. या आकडेमोडीचा पहिलीच्या वर्गाशी संबंध असा: छत्तीसगढी ही हिंदीच आहे असं एकदा धरलं की ‘पताल’ दुसऱ्या भाषेतला शब्द राहत नाही. तो चुकीचा शब्द होतो.

आता कॅनडा. माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी 1962 साली दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर दोन भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो असा समज पक्का होता; या अभ्यासात फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत पुढे निघाली. नमुना निवडण्यावर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती, पण वादाची दिशा बदलली ती बदललीच. 1965 साली त्याच शहराजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आपली मुलं बालवर्गापासून पूर्ण फ्रेंचमध्ये बसवली. मुलं फ्रेंच शिकली, इंग्रजीही शाबूत राहिलं. हा प्रयोग जगभर सांगितला जातो, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवणारे आपल्याकडेही तो ऐकवतात. तिथे थांबा आणि एक प्रश्न विचारा: त्या मुलांच्या घरची भाषा कोणती होती? इंग्रजी. दुकानात इंग्रजी, टीव्हीवर इंग्रजी, वडिलांच्या ऑफिसात इंग्रजी. ती जाण्याची कुणाला भीती नव्हती. स्वतः लँबर्ट यांनीच पुढे बेरजेचं द्विभाषिकत्व आणि वजाबाकीचं द्विभाषिकत्व असा फरक केला. सेंट लँबर्टच्या मुलांची बेरीज झाली. सिलतऱ्याच्या मुलीचा एक शब्द आत आला आणि एक बाहेर गेला.

टोरंटोच्या जिम कमिन्स यांचं काम तुम्हाला पहिल्याच सत्रात भेटेल, आणि ते वाचताना वर्गातली किती तरी मुलं आठवतील. त्यांनी 1979 च्या सुमारास बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. स्थलांतरित मुलं दोनेक वर्षांत नव्या भाषेत छान बोलू लागतात. त्या भाषेतून इतिहास समजून घेणं, गणिताचं शाब्दिक उदाहरण सोडवणं यात वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. मधल्या काळात शिक्षक म्हणतो, “बोलायला तर पोपट आहे, लिहायलाच आळस.” हे वाक्य मी स्वतः किती मुलांबद्दल उच्चारलं असेल, मोजायला नको.

तरीही मला या परदेशी साहित्याबद्दल एक तक्रार आहे, आणि ती तुम्हीही बाळगावी. त्या पुस्तकांत भाषा दोन असतात, वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेल्या असतात, आणि मूल एका डब्यातून दुसऱ्यात जातं. आपल्याकडे डब्यांना झाकणं नसतात. भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित यांनी 1972 साली पुणे विद्यापीठानं प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत मुंबईतल्या एका गुजराती मसाल्याच्या व्यापाऱ्याचं चित्र रेखाटलं आहे: घरात गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, धंद्यात कच्छी आणि कोकणी, गरजेपुरती इंग्रजी. या माणसाला कुणी बहुभाषापंडित म्हणत नाही, तोही स्वतःला म्हणवून घेत नाही. आणि जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांचा 1971 चा गाजलेला निबंध तर आपल्या कुपवाडवरचा, सांगलीजवळच्या. मराठी, कन्नड आणि उर्दू तिथे शतकानुशतकं शेजारी नांदल्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांचे सांगाडे इतके सारखे झाले की एका भाषेतलं वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून करता यावं. आज कुपवाडला औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे नव्या भाषा येऊन मिळाल्या आहेत. सिलतऱ्याचंही तेच. बिहारचा फिटर, ओडिशाचा भट्टीवरचा मजूर, गोंदियाचा मिस्त्री, इथलाच शेतकरी. यांच्या मुलांची ‘घरची भाषा’ कोणती, हे हजेरीपटाच्या एका रकान्यात लिहिता येत नाही. छत्तीसगढात 2022 साली प्राथमिक शाळांचं भाषिक सर्वेक्षण झालं, कुठल्या शाळेत कोणत्या भाषेची मुलं आहेत हे विचारलं गेलं. फार चांगलं झालं. पण सिलतऱ्यासारख्या ठिकाणी उत्तर अनेकवचनीच निघणार.

म्हणून वेल्समधून आलेला विचार मला जास्त कामाचा वाटतो. केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञानं 1990 च्या दशकात वेल्श शाळांत चालणाऱ्या एका पद्धतीला नाव दिलं: एका भाषेत ऐकायचं-वाचायचं, दुसरीत बोलायचं-लिहायचं. त्यावर पुढे इंग्रजीत ग्रंथांचा ढीग झाला. तुम्ही त्याला ‘भाषांमधली ये-जा’ म्हणा. यात एक अट आहे जी घाईत विसरली जाते: ये-जा मुलानं करायची. एका शिक्षकाला मी पाहिलं, तो प्रत्येक हिंदी वाक्यापाठोपाठ त्याचं छत्तीसगढी करून सांगत होता. मनापासून करत होता. पंधरा मिनिटांत मुलांना लय कळली. हिंदी वाक्य चालू असताना ती खिडकीबाहेरचे ट्रक मोजत आणि छत्तीसगढी सुरू झालं की मान वळवत. हिंदी शिकायचं कारणच उरलं नव्हतं.

जिथे शिक्षकाला भाषाशास्त्र थेट हाताशी येतं ती जागा म्हणजे मुलांच्या चुका. एक उदाहरण जरा सावकाश पाहू. रायपूरकडच्या वह्यांत दोन वाक्यं हमखास सापडतात: “मैं रोटी खाया” आणि “मैं रोटी खाई”. दोन्हीखाली लाल रेघ, दोन्हीवर “मैंने रोटी खाई” असं लिहिलेलं. ‘ने’ विसरलं, असा शेरा. आता पहिलं वाक्य लिहिणारं मूल छत्तीसगढी बोलतं. त्याच्या भाषेत “मैं रोटी खाएंव”. ‘ने’ हा प्रकारच नाही आणि क्रियापद खाणाऱ्याच्या मागे चालतं. दुसरं मूल मराठी. “मी पोळी खाल्ली” यातही ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, पण क्रियापद पोळीच्या मागे जातं, म्हणून ‘खाई’ त्यानं अचूक साधलं. म्हणजे मराठी मुलाला फक्त ‘ने’ दाखवायचा आहे. छत्तीसगढी मुलाला क्रियापद कुणाचं ऐकतं हा सगळा कारभारच नव्यानं समजवायचा आहे. तसंच ‘मेरा बहन’चं. छत्तीसगढीत ‘मोर भाई’, ‘मोर बहिनी’. ‘मोर’ बदलतच नाही, आणि भाऊ असो की बहीण, दोघांपुढे ‘जात हे’च. अशा मुलाला “बहीण स्त्रीलिंगी आहे एवढं कळत नाही?” असं विचारण्यात अर्थ नाही. ते त्याला आपल्याइतकंच कळतं. ते कळणं क्रियापदात दाखवावं लागतं, ही हिंदीची खोड त्याला नवी आहे. हिरालाल काव्योपाध्याय यांचं व्याकरण शिक्षकाच्या टेबलावर असतं तर लाल शाई किती वाचली असती.

नोकरी सांभाळून हा अभ्यास करणं अवघड आहे, खोटं कशाला बोलू. वाटा आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं 2006 मध्ये प्राथमिक शिक्षणातला एम. ए. सुरू केला तो काम करणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून: काही आठवडे संस्थेत, बाकी काळ आपल्या कामाच्या जागी राहून. भाषा हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात छत्तीसगढीत एम. ए. होता येतं. पण रजा मिळत नाही, मतदारयादीचं काम निघतं, माध्यान्ह भोजनाचा हिशेब राहिलेला असतो, आणि रात्री दहाला वीस पानी इंग्रजी निबंध उघडल्यावर दुसऱ्या परिच्छेदात डोळे मिटतात.

त्या इंग्रजीबद्दलच बोलायचं आहे. मी पदव्युत्तर वर्गात गेले तेव्हा शिकवण्याचा अकरा वर्षांचा अनुभव गाठीला होता. पहिले तीन महिने मी तोंड उघडलं नाही. चर्चा इंग्रजीत चाले. मला कळत सगळं होतं, वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. जुळलंच तर व्याकरणाची भीती. एकदा प्राध्यापकांनी नाव घेऊन विचारलं, तेव्हा मी “येस सर” म्हणून खाली बसले. प्रश्न होय-नाहीचा नव्हताच. परत येताना बसमध्ये माझ्या वर्गातली शेवटच्या रांगेतली मुलं एकेक करून आठवली, ज्यांच्याबद्दल मी “लाजाळू” असं प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं. पुढे एका मैत्रिणीनं आणि मी ठरवलं की निबंध इंग्रजीत वाचायचे आणि भांडायचं मराठी-हिंदीत, मग लिहायचं इंग्रजीत. पास झालो. ही वेल्सची पद्धत आहे हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. तुम्हीही पहिल्या सत्रात बहुधा गप्प बसाल. त्या गप्प बसण्याच्या नोंदी ठेवा. तुमच्या प्रबंधातला सर्वांत भरवशाचा पुरावा तोच असेल.

धोरणांविषयी लांबण लावत नाही. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा म्हणतो की शक्य तोवर माध्यम मुलाची मातृभाषा असावं. 2020 चं राष्ट्रीय धोरण निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं, द्विभाषिक पुस्तकांची शिफारस करतं. छत्तीसगढात 2020 च्या प्रजासत्ताकदिनी छत्तीसगढी, गोंडी, हलबी अशा भाषांतून प्राथमिक शिक्षणाची घोषणा झाली. आणि त्याच वर्षी त्याच राज्यात स्वामी आत्मानंद यांच्या नावानं सरकारी इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू झाल्या, प्रवेशासाठी गर्दी झाली. यात विसंगती आहे असं विद्यापीठात बसून म्हणणं सोपं आहे. सिलतऱ्याच्या पालकसभेत रोलिंग मिलमधला एक बाप उभा राहून म्हणाला, “छत्तीसगढ़ी तो घर म सीख जाथे गुरुजी, इहाँ अंगरेजी पढ़ावव.” त्याच्या हातावर भाजल्याचे डाग होते. आपलं पोर भट्टीपुढे उभं राहू नये, एवढंच त्याचं भाषाधोरण. त्याला मातृभाषेचा महिमा ऐकवण्याची माझी हिंमत झाली नाही आणि तुमचीही होऊ नये. त्याला सांगता येईल ते हेच, की घरच्या भाषेत वाचायला पक्कं शिकलेलं पोर इंग्रजीही लवकर धरतं. आणि हे सांगायचं तर आधी त्याच्याच पोराला वाचून दाखवता आलं पाहिजे.

दुसरी टोकाची बाजू गडचिरोलीची. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, आणि ती शासकीय मान्यतेच्या प्रश्नात अडकली. मातृभाषेचा आग्रह कायद्यात आहे. गावानं तो खरा मानला की काय होतं, हे प्रकरण मुळातून अभ्यासण्याजोगं आहे. एखाद्यानं तरी त्यावर प्रबंध लिहावा. आणि याच्याही मागे जायचं तर कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणात. ‘द्विभाषिक शिक्षण’ हे शब्द त्या वेळी कुणाच्या तोंडी नव्हते.

पुढच्या प्रकरणांत सिद्धान्त येतील, संशोधनपद्धती येईल, चाचण्या येतील. त्याआधी एक काम करा. शंभर पानी वही घ्या. रोज एकच नोंद: आज एखादं मूल काय बोललं जे मी चूक समजून दुरुस्त केलं, किंवा करणार होते. मुलाचे शब्द त्याच्याच उच्चारात लिहा, सुधारू नका. शेजारी आपण काय केलं ते लिहा. सहा आठवडे. मत लिहू नका, ते आपोआप तयार होतं.

सिलतऱ्याच्या त्या बाईंना मी ही वही दिली होती. पहिले दहा दिवस त्यात “आज कुछ विशेष नहीं” एवढंच होतं. बाई मनानं सरळ, उगाच काही भरलं नाही. अकराव्या दिवशी तीन ओळी होत्या. नंतर पानं भरत गेली. सप्टेंबरात मी पुन्हा गेले तेव्हा तक्ता त्याच खिळ्याला होता, पण ‘ट’शेजारच्या चौकोनावर पांढरा कागद चिकटवून खडूच्या रंगांनी एक टोपली काढलेली. वहीतली नोंद हिंदीत होती, मराठीत अशी होईल: “मंगळवार. ट चं चित्र बदललं. छत्तीसगढी मुलं टुकनी म्हणाली. ओडिशाचा टोकेई म्हणाला. गोंदियाचा टोपली. मी टोकरी. सगळ्यांनी ट च म्हटलं. पताल कापून प खाली लावलं.”